पगार काढणारी माणसं

मागच्या महिन्यात भाची चार दिवस राहायला आली होती. एकटी नाही, लॅपटॉपसकट! दुपारी दीड वाजला की आतल्या खोलीत दार लावून बसायची, ती रात्री दहा वाजेपर्यंत. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले तर तिनं हातानंच 'थांब' अशी खूण केली. कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर कुणीतरी मुलगी. मुलाखत चालली होती.

नंतर विचारलं, "कसली गं मुलाखत?"

"पेरोलची, मावशी. इंग्लंडमधली एक अकाउंटंट फर्म आहे, त्यांच्यासाठी माणसं घेतेय. घरून काम करणारी."

पेरोल म्हणजे आपलं पगारपत्रक, एवढं मला कळतं. पण इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावातल्या पबमध्ये ग्लास विसळणाऱ्या पोराचा पगार नाशिकची मुलगी आपल्या घरी बसून काढणार, हे काही पचनी पडेना. चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्याचा एक तोटा असा, की कुठलीही नवी गोष्ट दिसली की ती पहिल्यांदा कधी झाली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. ती गेल्यावर पंधरा दिवस वाचत बसले होते. त्यातलं काही इथे लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी आमच्या भाऊसाहेबांबद्दल. शाळेतल्या क्लार्कला आपल्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, खरं नाव निम्म्या शिक्षकांना ठाऊक नसतं. आमचे भाऊसाहेब महिन्याच्या वीस तारखेच्या सुमाराला मोठ्ठा कागद पसरून बसत. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, मग कपाती: भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, पतपेढीचा हप्ता, विम्याचा हप्ता. सगळी बेरीज उभी आणि आडवी जुळली की बिल तयार. ते पिशवीत घालून एसटीनं जिल्ह्याच्या गावी वेतन पथकात न्यायचं. तिथं त्रुटी निघाली की बिल परत, आणि आमचा सगळ्यांचा पगार लांबणीवर.

१९८४ साली माझ्या पगारातून पतपेढीचा दीडशे रुपयांचा हप्ता कापला गेला. मी कर्ज घेतलेलंच नव्हतं! माझ्याच आडनावाच्या दुसऱ्या शिक्षकाचा हप्ता माझ्या ओळीत पडला होता. दीडशे रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती, आणि घरी लेक विषमज्वरानं आजारी. मी तणतणत कार्यालयात गेले. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून ओळ बघितली आणि म्हणाले, "बाई, चूक माझी. बिल आता बदलत नाही, पुढच्या महिन्यात फरक काढतो. तोवर हे राहू द्या." आणि शर्टाच्या खिशातून दीडशे रुपये काढून टेबलावर ठेवले. त्यांचा स्वतःचा पगार माझ्याहून कमी होता, हे मला त्या बिलावरूनच ठाऊक होतं.

भाचीशी बोलताना मला सारखे भाऊसाहेब आठवत होते, म्हणून हे आधी सांगितलं.

आता इंग्लंडकडे वळू. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पगार काढणं म्हणजे तास गुणिले दर, एवढंच असे. कामगाराला पैसे रोख नाण्यांतच द्यायचे असा १८३१ चा ट्रक ॲक्ट होता. (ट्रक म्हणजे मालमोटार नव्हे बरं का. पैशाऐवजी मालकाच्या दुकानातला माल गळ्यात मारण्याची जी पद्धत होती, तिला ट्रक म्हणत.) १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानं आठवड्याच्या आठवड्याला मजुराच्या कार्डावर तिकीट चिकटवायचं काम मालकाकडे आलं. तरी तिथवर कारकुनाचं डोकं ठिकाणावर होतं.

खरा घोळ दुसऱ्या महायुद्धानं केला. युद्धापूर्वी ब्रिटनमध्ये आयकर भरणारे चाळीस लाखांच्या आसपास होते, युद्ध संपेपर्यंत ते एक कोटीच्या वर गेले. साधा कामगारही करात आला. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याकडून सहा-सहा महिन्यांनी एकरकमी कर कसा वसूल करणार? म्हणून ६ एप्रिल १९४४ पासून 'पे ॲज यू अर्न' आलं, म्हणजे कमवाल तसा कर भरा. मालकानंच दर आठवड्याला मजुरीतून कर कापायचा. तोही नुसता टक्केवारीनं नाही. वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर किती मिळाले, किती कापले, याचा हिशेब दर वेळी नव्याने, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. ही योजना संसदेत मांडायची होती त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ ला, अर्थमंत्री किंग्जली वुड अचानक वारले. योजनेमागचं डोकं मात्र पॉल चेंबर्स या अधिकाऱ्याचं.

हे चेंबर्स १९३७ ते १९४० भारत सरकारचे आयकर सल्लागार होते! आणि आपल्याकडे पगारातून कर कापायचं कलम १९२२ च्या आयकर कायद्यात आधीपासूनच होतं. इथं पाहिलेलं त्यांना तिथं किती उपयोगी पडलं हे मी सांगू शकत नाही, पण गंमत वाटली खरी.

अमेरिकेतही तसंच झालं. युद्धाच्या खर्चासाठी १९४३ मध्ये पगारातून कर कापण्याचा कायदा आला, आणि छोट्या कारखानदारांच्या डोक्याला ताप झाला. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावच्या हेन्री टॉब नावाच्या विशी-बाविशीतल्या पोरानं ही अडचण हेरली. असं सांगतात की, एका कारखान्यात पगार करणारा माणूस आजारी पडला म्हणून सगळ्यांचे पगार अडकलेले त्यानं पाहिले. १९४९ मध्ये त्यानं 'ऑटोमॅटिक पेरोल्स' नावाची कंपनी काढली. नाव ऑटोमॅटिक, काम सगळं हातानं! दुसऱ्यांच्या कामगारांचे पगार आपल्या खोलीत बसून काढून द्यायचे. त्याच्या बरोबरीनं कंपनी वाढवणारे फ्रँक लॉटेनबर्ग पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले. १९६१ मध्ये कंपनीचं नाव 'ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग' झालं, म्हणजे एडीपी. पुण्या-हैदराबादकडच्यांना हे नाव सांगायला नको, दोन्हीकडे त्यांची मोठी कार्यालयं आहेत. पगारपत्रक कार्यालयाबाहेर गेलं ते असं. संगणक नव्हता, इंटरनेट तर नाहीच. आपल्याला वाटतं दूरस्थ काम हे सगळं कालपरवाचं आहे.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट चहावाल्यांची. 'जे. लायन्स आणि कंपनी' हे लंडनमधले चहाच्या दुकानांचे आणि केक-बिस्किटांचे मोठे व्यापारी. कप-बशीतून मिळणारा नफा पैशा-पैशाचा, त्यामुळे कारकुनी खर्चाकडे त्यांचं बारीक लक्ष. १९४७ मध्ये त्यांनी दोन अधिकारी अमेरिकेला कार्यालयीन पद्धती पाहायला पाठवले. तिथं त्यांना संगणक नावाच्या नव्या यंत्राची हकिगत कळली, आणि असं यंत्र तर आपल्याच केंब्रिज विद्यापीठात बनतंय हेही तिथंच कळलं. (काखेत कळसा!) लायन्सनं केंब्रिजला तीन हजार पौंड दिले, आपला एक माणूस मदतीला दिला आणि मग त्या धर्तीवर स्वतःचंच यंत्र बांधलं. त्याचं नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब झाला. व्यापारातलं नेहमीचं काम संगणकानं केलं त्याची ही जगातली पहिली वेळ मानतात.

पगाराला मात्र त्यांनी घाई केली नाही. केकचा हिशेब एक दिवस उशिरा आला तर कोणी रडत नाही. पण शुक्रवारी पाकीट मिळालं नाही तर? यंत्र मध्येच बंद पडायचं, त्यातल्या हजारो काचेच्या नळ्यांपैकी एखादी जायची. म्हणून कारकुनांचं काम आणि यंत्राचं काम बरेच दिवस शेजारी शेजारी चालवून ताडून पाहिलं, आणि १९५४ च्या सुरुवातीला लायन्सचे खरे पगार लिओवर निघू लागले. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

आणि १९५६ मध्ये लायन्स फोर्ड मोटार कंपनीचेही पगार काढून देऊ लागली! मोटारी बनवणारे कामगार लंडनच्या पूर्वेला डॅगनहॅमला, आणि त्यांचा पगार निघतोय पश्चिमेला हॅमरस्मिथमध्ये, चहावाल्याच्या यंत्रावर. त्या कामगारांना हे ठाऊक तरी होतं का कोण जाणे. पाकीट मात्र त्यांना कारखान्यातच, ओळखीच्या रोखपालाच्या हातून मिळत असणार. तास कमी लागले तर भांडायला समोर माणूस होता.

तोही हळूहळू गेला. १९६० च्या कायद्यानं कामगाराची संमती असेल तर चेकनं किंवा बँकेत पगार द्यायला परवानगी मिळाली. १९६८ मध्ये बँकांनी मिळून संगणक केंद्र काढलं, त्यातून पुढे 'बॅक्स' ही पद्धत आली, आणि पगार थेट खात्यात जाऊ लागला. १९८६ मध्ये जुने ट्रक कायदेही रद्द झाले.

याच काळातल्या एका बाईंची गोष्ट भाचीला मी आवर्जून सांगितली. स्टेफनी शर्ली. जन्म १९३३, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. १९३९ मध्ये नाझींपासून वाचवलेल्या ज्यू मुलांच्या आगगाडीतून पाच वर्षांची असताना इंग्लंडला आली. १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर तिनं प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली, आणि नोकरीवर कोणाला घ्यायचं ठरवलं? लग्न झाल्यामुळे किंवा मूल झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या बायकांना. काम घरी बसून. कागद-पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचा आणि टपालानं पाठवायचा. पहिल्या तीनशे जणांत पुरुष फक्त तीन. स्टेफनी नावानं पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नसत, म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करू लागली. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवायची, म्हणजे पोराचं रडणं ऐकू जाऊ नये आणि मोठं ऑफिस वाटावं! १९७५ च्या समानतेच्या कायद्यानंतर फक्त बायकांनाच घेणं बेकायदेशीर ठरलं आणि तिला पुरुषही घ्यावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या ९१ व्या वर्षी वारल्या.

भाची हे ऐकून खूप हसली. म्हणाली, "मावशी, माझ्या टीममधली एक जण कुकरची शिट्टी व्हायच्या आत म्यूट करते, तसंच झालं की हे."

तर आता तिचं काम. मी विचारलं, तिथल्या माणसांना सोडून तुम्हाला का घेतात? तिनं सांगितलं ते असं. एप्रिल २०१३ पासून ब्रिटनमध्ये नियम आला की पगार देण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच त्याचा तपशील सरकारच्या कर खात्याला ऑनलाइन गेला पाहिजे. पूर्वी वर्षाअखेर एकदा कागद पाठवला की भागायचं. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं पेन्शनची सक्ती आली. आधी मोठ्या कंपन्यांना आणि मग २०१८ पर्यंत अगदी दोन नोकर असलेल्या केशकर्तनालयालाही. अशा छोट्या धंदेवाल्यांनी हात टेकले आणि सगळं आपल्या अकाउंटंटच्या गळ्यात घातलं. अकाउंटंटकडे एकदम साठ-सत्तर धंद्यांचे पगार. कुणाचे आठवड्याचे, कुणाचे महिन्याचे. प्रत्येकाचा कर-कोड, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, नोकरी सोडताना द्यायचा तो पी-४५, वर्षाअखेरचा पी-६०. हे करायला तिथं माणूस मिळेना.

"आणि तुम्ही स्वस्त पडता," मी म्हटलं.

"हो, स्वस्त पडतो. ते आहेच." तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "तिथल्या एकीच्या पगारात आम्ही इथं दोघी-तिघी बसतो."

मला हे आवडलं नाही, आणि तिचं खोटं न बोलणं आवडलं. त्या कामातून तिकडच्या कुणा बाईची नोकरी गेली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. भाची म्हणते की तिच्या फर्ममध्ये तरी कोणाला काढलं नाही, निवृत्त झालेल्यांच्या जागा इकडे आल्या. असेल.

घरून काम मात्र २०२० नंतरचं. त्याआधी ती पुण्यात एका कंपनीत होती. तिथं मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवून आत जायचं, कागद-पेनसुद्धा टेबलावर चालत नसे, कारण लोकांचे पगार आणि बँक खाती समोर. अशा कंपन्यांना घरून काम द्यायचं तर दूरसंचार खात्याच्या अटीही कडक होत्या. मग मार्च आला. २० मार्च २०२० ला ब्रिटनचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी जाहीर केलं की टाळेबंदीत बसून असलेल्या नोकरांचा ऐंशी टक्के पगार, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकार देईल. चारच दिवसांनी, २४ तारखेच्या रात्री, आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली. म्हणजे तिकडे प्रत्येक माणसाचे ऐंशी टक्के मोजायचं काम अंगावर आलं आणि इकडे ऑफिसला कुलूप! टेम्पोत घालून संगणक घरोघरी पोचवले गेले. परवानग्या तडकाफडकी मिळाल्या, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारनं असल्या कामांवरच्या त्या अटी काढूनच टाकल्या.

भाचीचं घर दोन खोल्यांचं. सासऱ्यांना खोकला, मुलाची ऑनलाइन शाळा, आणि ही स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी बसून एका पबमधल्या एकोणीस जणांचे ऐंशी टक्के काढतेय. २० एप्रिलला तिकडची दावा भरायची यंत्रणा सुरू झाली. त्या योजनेत पुढे एक कोटी सतरा लाख नोकऱ्यांचे पगार गेले. "तेव्हा रात्री झोप लागायची नाही," ती म्हणाली. "एक शून्य चुकलं तर त्या माणसाकडे त्या महिन्यात दुसरं काहीच नव्हतं गं."

गंमत म्हणजे त्याच वर्षी तिचा स्वतःचा पगार चुकला! तिच्या कंपनीचं पगाराचं काम तिसऱ्याच एका कंपनीकडे होतं. तिनं तक्रार नोंदवली तर 'तिकीट क्रमांक' आला. कुणाशी बोलायचं ते कळेना. एकवीस दिवसांनी पैसे जमा झाले, का चुकले होते ते आजतागायत समजलेलं नाही. ती नोकरी तिनं पुढे सोडली आणि या फर्मचं काम थेट घेतलं.

आता त्या मुलाखतीकडे येते. दोन मुली शेवटपर्यंत उरल्या होत्या. घरात वेगळी खोली आहे का, इन्व्हर्टर आहे का, इंटरनेट गेलं तर दुसरी सोय काय, हे विचारून झालं होतं. दोघींना तिनं एकच नमुना दिला होता: बारा नोकरांचे तास आणि कोड, पगार काढून दाखवा. पहिलीनं पाऊण तासात सगळं अचूक करून पाठवलं. दुसरीला दीड तास लागला आणि एक कोडही चुकला. पण तिनं खाली एक ओळ लिहिली होती: क्रमांक ७ चे तास मागच्या महिन्यात १५२ होते, या महिन्यात १५.२ आहेत, हे खरंच बरोबर आहे का?

भाचीनं ते मुद्दाम तसं टाकलं होतं.

मी जन्मभर पेपर तपासलेली बाई. म्हटलं, पहिलीला शंभर, दुसरीला ऐंशी.

"कोड मी आठवड्यात शिकवीन, मावशी," ती म्हणाली. "मागच्या वर्षी एका वृद्धाश्रमातल्या बाईचे असेच तास आले होते. टाकणाऱ्याकडून दशांश चिन्ह पडलं होतं. आमच्यातल्या एकीनं जसं आलं तसं केलं. त्या बाईच्या हातात शे-दीडशे पौंड पडले आणि पुढे चार दिवस सुट्टी."

"मग?"

"मग काय. मी तिकडच्या साहेबांना फोन केला, चूक आमची म्हणून सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी उचल दिली तिला."

"ती बाई कोण, कुठली, माहीत आहे तुला?"

"नाव माहीत आहे. १२५७ एल कोड आहे. दर शुक्रवारी पगार असतो."

मी तिला भाऊसाहेबांचे दीडशे रुपये सांगितले. तिनं विचारलं, ते परत केलेस का? केले होते, पुढच्या महिन्यात फरक मिळाला तेव्हा. त्यांनी ते मोजून घेतले होते.

परवा तिचा फोन आला होता. दुसऱ्या मुलीलाच घेतलं. नाशिकची आहे, मूल लहान आहे, सोमवारपासून रुजू होतेय.